दोनशे एकवीस घरांचा होकार

२३ नोव्हेंबर

ठरलं. मी सरपंचपदाला उभी राहते आहे.

यंदा आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालंय, आणि संजनाच्या विरोधात उभं राहायला दुसरं कोणी तयार नाही. संजना मधल्या आळीतली. शिक्षण आठवी. उद्योग म्हणजे गावातल्या प्रत्येक हळदीला सगळ्यांच्या आधी जायचं आणि सगळ्यांच्या नंतर घरी यायचं. मी बी.एस्सी., विषय संख्याशास्त्र, आणि सतरा वर्षं कामोठ्याला क्लास चालवते. तुलना करणं बरं दिसत नाही म्हणून करत नाही.

माझा मुद्दा एकच: हळदीतला डीजे. आमच्या आगरी लोकांत लग्नाला दोनशे माणसं आणि आदल्या संध्याकाळच्या हळदीला हजार. भिंतीएवढे स्पीकर रचतात. मागच्या मार्चात दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी गावात तीन हळदी होत्या. माझ्या क्लासमधली गावची अकरा मुलं परीक्षेला बसली, त्यातली सात गणितात आपटली. मनस्वी नावाची एक हुशार मुलगी आहे, त्या सातांतलीच, यंदा पुन्हा बसते आहे; ती तर म्हणाली, “मॅडम, पायथागोरस लिहिता लिहिता मधेच गाण्याची ओळ लिहिली गेली.” त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यात आहे.

नवऱ्याला सांगितलं. परेशचा डंपर भाड्याने द्यायचा धंदा आहे, त्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट सावकाश समजते. म्हणाला, “पूर्वीचा लगीन तोंडाव हाय, आताच इलेक्शन कशाला?” पूर्वी आमची एकुलती एक. बारा फेब्रुवारीला तिचं लग्न, अकराला हळद. मी म्हटलं, “म्हणूनच. गावातली पहिली बिनडीजेची हळद आपल्या दारात होईल.”

त्याने चहा बशीत ओतला आणि फुंकत बसला. विचार करत असावा.

२७ नोव्हेंबर

हवेत गोळीबार करणाऱ्यांतली मी नाही. आधी सर्वेक्षण, मग निष्कर्ष, मग उमेदवारी अर्ज. गावात दोनशे चाळीस घरं. घरटी एक फॉर्म. प्रश्न तीनच: हळदीतला डीजे बंद व्हावा का? हळद रात्री दहाच्या आत आटोपावी का? असं करणाऱ्या उमेदवाराला मत द्याल का? शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना ठेवलाय, तो मोजायचा नाही. लोकांना जादा बोलायची सवय असते, ते कुठेतरी जायला हवं.

३० नोव्हेंबर

पहिल्याच दिवशी छत्तीस घरं. सगळी ‘हो’.

आमच्या आळीतले कान्हामामा तर हात जोडून म्हणाले, “बंदच कर गो बाय. माझा डावा कान गेला. पोरा नाचतान, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड व्हते.” मी फॉर्म भरला. निघताना म्हणाले, “आमचे संगीताची हळद एप्रिलात हाय. ती जाली का लगेच बंद कर.” शेऱ्यात लिहिलं: लेकीचे लग्न ठरले, अभिनंदन केले.

निकेशकडे जाताना जरा धाकधूक होती. हा माझ्या दिराचा मुलगा, आणि गावातला मोठा डीजे त्याचाच. पण तोही म्हणाला, “काकी, खरंच बंद पायजे. माना सुदा आता नीट ऐकू येत नाय.” ज्याचं पोट डीजेवर आहे तोच हे म्हणतो, तर आणखी काय पुरावा हवा?

एक गोष्ट मात्र मनाला भिडली. छत्तीसपैकी एकतीस घरांनी आपणहून विचारलं, “पूर्वीची हळद अकरालाच ना?” माझ्या लेकीवर गावाची किती माया आहे. शेऱ्यात लिहायला जागा उरली नाही.

५ डिसेंबर

आज वाडीवर गेले. डोंगराच्या पायथ्याची कातकऱ्यांची वाडी, एकोणीस घरं. माणसं वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात, म्हणून संध्याकाळी जावं लागलं.

इथे माझ्या आकड्यांना पहिला धक्का बसला. साळू म्हणून एक बाई आहे, शब्द तोलून बोलते. मी विचारलं, “डीजे बंद व्हावा ना?” ती म्हणाली, “नाय.”

मला वाटलं प्रश्न समजला नाही. पुन्हा सांगितला. म्हणाली, “समाजला बाई. नाय. हलद आसली का वाडीला जेवन आसतं. पोरं नाचतात. तेवढाच आमाला गावात बोलवतात. ते पन बंद करशील?”

मी समजावलं, जेवण बंद होणार नाही, फक्त आवाज बंद होणार. ती म्हणाली, “आवाज बंद जाला का मानसं कमी. मानसं कमी जाली का वाडीची आठवन कोनाला?”

हे माझ्या फॉर्ममध्ये कुठेच बसत नव्हतं. पण मी आकडे फिरवणाऱ्यांतली नाही. तिच्यासमोर ‘नाही’वर खूण केली आणि तिला दाखवली. ती वाचू शकत नाही, तरी निरखून बघत राहिली. वाडीतून अकरा ‘नाही’ आले. आठ घरं म्हणाली, “साळूला इचारून सांगतो.”

९ डिसेंबर

निकाल हाती आला. हो: दोनशे एकवीस. नाही: अकरा. अनिश्चित: आठ. म्हणजे ब्याण्णव टक्के. तिसऱ्या प्रश्नालाही, म्हणजे मत देण्याच्या, तेवढेच ‘हो’. माझ्या उभ्या आयुष्यात मी असा एकतर्फी निकाल पाहिलेला नाही.

घरी जेवताना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “चांगला जाला.” परेश म्हणाला, “चांगलाय.” पूर्वी ताटातल्या भाताला खड्डा पाडत बसली होती, तिने विचारलं, “मम्मी, आपल्या घराचा फॉर्म?” मी म्हटलं, “भरलाय ना.” ती उठून हात धुवायला गेली. लग्न जवळ आलं की मुली अशा गप्प होतात म्हणे.

१८ डिसेंबर

अर्ज भरला. संजनाही तिथेच होती. जाहीरनामा नाही, मुद्दा नाही, पिशवीत चकल्या. मला मिठी मारून म्हणाली, “किशोरीताय, पूर्वीच्या हळदीचं तांदूल निवडायला कवा येऊ ते सांगा. इलेक्शनचं इलेक्शनच्या जागी.” मी म्हटलं, “आमच्याकडे साधी हळद आहे, तांदूळ फार लागणार नाहीत.” ती माझ्याकडे बघून इतक्या प्रेमाने हसली की मला तिची कीव आली. बिचारीला हरायचं आहे.

२४ डिसेंबर

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवते.

पनवेलहून क्लासचे खडू घेऊन परत आले, तर ओटीवर सासूबाई आणि आळीतल्या पंचवीस-तीस बायका. समोर साड्यांचा ढीग. सगळ्या एकसारख्या, पिवळ्याधमक, काठ हिरवा. बेचाळीस साड्या. मला बघून सगळ्या एकदम गप्प झाल्या.

माझ्या लगेच लक्षात आलं. माझ्या पत्रकाचा कागद पिवळा आहे. या बायकांनी मला न सांगता, आपापसात ठरवून, प्रचारासाठी एकसारख्या साड्या घेतल्या. कोण करतं एवढं कुणासाठी! पण नियम तो नियम. मी म्हटलं, “तुमची भावना पोचली. फक्त मतदानाच्या दिवशी या नेसू नका, आचारसंहिता आहे.”

सासूबाई म्हणाल्या, “नाय गो, त्या दिवशी नाय नेसाच्या आमाला.”

“प्रचारातही जपून.”

“प्रचाराला तं मुलीच नाय,” कान्हामामांची बायको म्हणाली, आणि मुलीच म्हणजे अजिबात. केवढी ही शिस्त.

३० डिसेंबर

चिन्हं मिळाली. संजनाला छत्री. मला शिट्टी.

आवाजाविरुद्ध लढणाऱ्या उमेदवाराला शिट्टी. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, बदलून द्या. ते म्हणाले, “मॅडम, कपबशी गेली, पतंग गेला. आता रोड रोलर आहे.” परेश मागून म्हणाला, “रोलर घे, आपलेकडं खराच हाय.” शिट्टीच घेतली.

३ जानेवारी

परेशने हौसेने पाचशे शिट्ट्या आणून गावातल्या पोरांना वाटल्या. मला विचारायचं तरी. सकाळी सहापासून गावात एकच कल्लोळ. दादूआजोबा काठी टेकत दारात आले, वय ऐंशी, म्हणाले, “पोरी, डीजे परवडला. त्याला निदान गाना तरी असतं.” मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याची घडी करून कानात घातली.

दुपारी मनस्वी क्लासला आली. तिच्याही गळ्यात शिट्टी.

७ जानेवारी

परेश आणि निकेश अंगणात टेप लावून मापं घेत होते. मी विचारलं काय चाललंय. परेश म्हणाला, “मांडव. किती मोठा बसंल ते बघतो.” माझ्या विजयसभेची एवढी तयारी. मी म्हटलं, “निकालाआधी मांडव घालू नका, लोक नावं ठेवतात.” निकेश म्हणाला, “नाय काकी, नंतरच. निकाल काय लागतो ते बघूनच.” त्याच्या हातात वही होती, तीत ‘११ – जनरेटर २’ असं लिहिलेलं दिसलं. अकरा जानेवारीला मतदान. वीज गेली तर मतदान यंत्रं बंद पडू नयेत म्हणून हा मुलगा स्वतःचे जनरेटर द्यायला निघालाय. मी उगाच याला वाया गेलेला समजत होते.

१० जानेवारी

प्रचार संपला. प्रत्येक घरात हेच ऐकलं, “मॅडम, तुमचा मुद्दा बराबर हाय.” संजना कुठे बोललीच नाही. तिने आठ दिवस कुणाकुणाच्या घरी पापड लाटले.

झोपायच्या आधी एक विचार आला, तो प्रामाणिकपणे लिहून ठेवते. दोनशे एकवीस घरांनी ‘हो’ म्हटलं, पण एकानेही मला “पुढे काय करणार” असं विचारलं नाही. सगळ्यांनी हळदीची तारीखच विचारली. असो. माया आहे.

११ जानेवारी

मतदान झालं. सातशे नव्वद मतं. आम्ही घरातले चौघे एकत्रच गेलो. बाहेर येताना सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “किशोरी, तू मनाला लावून घेव नको.” मी म्हटलं, “कशाचं?” त्या म्हणाल्या, “थंडीचा.” वय झालंय आता त्यांचं.

१२ जानेवारी

संजना: सातशे चार.
मी: अठ्ठ्याहत्तर.
कोणीच नको: आठ.

पहिला वॉर्ड नऊ. दुसरा, म्हणजे आमचा, अकरा. तिसरा, ज्यात वाडी येते, अठ्ठावन्न.

१३ जानेवारी

क्लास घेतला. संभाव्यता शिकवायची होती. भूमिती शिकवली.

१५ जानेवारी

मी तीन दिवस विचार केला. ब्याण्णव टक्के एका महिन्यात दहा टक्के होत नाहीत. चूक कुठेतरी आहे, आणि चूक शोधायची एकच शास्त्रीय रीत असते. ज्या दोनशे एकवीस घरांनी ‘हो’ म्हटलं होतं, त्यांनाच पुन्हा जाऊन विचारायचं. नवा फॉर्म, प्रश्न एक: तुम्ही मत कोणाला दिलंत?

परेश म्हणाला, “किशोरी, नको जाव.” मी म्हटलं, “तू कोणाला दिलंस?” तो म्हणाला, “तुलाच की.” लिहून घेतलं. सासूबाईंना विचारलं. “तुलाच गो.” पूर्वी पनवेलला ब्लाउज शिवायला द्यायला गेली होती.

१९ जानेवारी

दुसरं सर्वेक्षण पुरं झालं. सात घरांना कुलूप होतं. उरलेली दोनशे चौदा घरं म्हणतात, आम्ही किशोरीलाच मत दिलं.

एकूण एक. कान्हामामा म्हणाले, “आमचे घरातली पाचही मता तुला.” म्हणजे एकट्या आमच्या आळीत मला सव्वाशेच्या वर मतं पडली आहेत आणि यंत्रात अकरा निघाली. या हिशेबाने मी सरपंच आहे, फक्त ते कोणाला माहीत नाही. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना, हे आकडे दाखवले. ते घाटावरचे, शांत माणूस. म्हणाले, “ताई, चहा घ्या.”

येताना वाडीवर गेले. तिथे ‘हो’ नव्हतेच, पण मन कुठे थाऱ्यावर होतं. साळू अंगणात लाकडं फोडत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, “तुला दिला. वाडीनं सगल्यांनी तुला दिला. अठ्ठावन्न मानसं गेलेलो.”

अठ्ठावन्न. तिसऱ्या वॉर्डातली सगळीच्या सगळी.

मी खालीच बसले. म्हटलं, “अगं, तुला तर डीजे हवा होता. मी बंद करणार होते.”

“हां. हवाच हाय.”

“मग मला कशाला मत दिलंस?”

ती कुऱ्हाड बाजूला ठेवून म्हणाली, “तू आलीस, इचारलंस. मी नाय बोलली, तर तू नायच लिवलंस. बाकीचे येतात ते आमी काय बी बोललो तरी त्यांच्या मनातलं लिवतात. डीजेचा काय, तो तुझ्यानं बंद थोडाच व्हनार व्हता.”

म्हणजे ज्यांना माझा मुद्दा पटला त्यांनी मला पाडलं आणि ज्यांना पटला नाही त्यांनी मतं दिली. हे मी क्लासमध्ये फळ्यावर कसं मांडू?

२० जानेवारी

आज पूर्वीला विचारलं. फॉर्म पुढे केला, पेन हातात. ती म्हणाली, “मम्मी, मी संजनाकाकीला मत दिलं.”

मी म्हटलं, “थट्टा नको.”

“थट्टा नाही. आणि मी एकटी नाही.” परेश ताबडतोब डंपर बघायला गेला. सासूबाईंनी डोळे मिटून माळ ओढायला घेतली. त्या माळ ओढत नाहीत, ती माझी मण्यांची माळ होती.

मग पूर्वी बोलायला लागली आणि थांबेना. “मी सहावीत असल्यापासून गावात एक हळद चुकवली नाही. पाय सुजेपर्यंत नाचलेय. प्रत्येक जण म्हणायचं, पूर्वी, तुझ्या हळदीला बघ आम्ही कसे नाचतो. सगळं गाव वाट बघतंय. आजीने बेचाळीस साड्या आणल्या. आणि माझ्या वेळेला सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं, वरणभात खायचा आणि साडेनऊला घरी जायचं? तू निवडून आली असतीस तर तुला ते करावंच लागलं असतं. म्हणून गावाने तुला पाडलं, मम्मी. तुझ्यावर राग नाही कोणाचा. माझ्यासाठी पाडलं.”

साड्या. जनरेटर. मांडव. मी एकेक आठवत गेले आणि कानशिलं तापत गेली.

मी म्हटलं, “मला सांगायचंस ना, बाळा.”

“तू विचारलंस कुठे? गावभर विचारत फिरलीस.”

“आपल्या घराचा फॉर्म होता.”

“कोणी भरला?”

मी पेटीतून तो फॉर्म काढला. घर क्रमांक एकशे बारा. मतदार चार. तिन्ही प्रश्नांना ‘हो’. अक्षर माझं. सही माझी. तारीख सत्तावीस नोव्हेंबर, म्हणजे फॉर्म छापून आले त्याच दिवशी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, कुणालाही न विचारता.

हरले तेव्हा रडले नव्हते. आज रडले. पूर्वीने पाठीवरून हात फिरवला, आणि माळ ओढता ओढता सासूबाईही रडल्या.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. मी शेवटच्या रांगेत बसले होते, खरं तर जाणारच नव्हते.

नव्या सरपंच संजनाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पयला ठराव किशोरीतायचा. हळदीतला डीजे बंद. मुद्दा चांगला हाय, आपुन सगल्यांनी त्यांना हो बोललेलो हाय.” हात वर करायला सांगितलं. एकशे त्रेसष्ट माणसं, एकशे त्रेसष्ट हात. निकेशचे तर दोन्ही वर होते, भाऊसाहेबांनी एक खाली घ्यायला लावला. एकमताने मंजूर. टाळ्या वाजल्या.

मग भाऊसाहेबांनी पेन टेकवून विचारलं, “अंमलबजावणी कधीपासून?”

सभागृहात एकदम शांतता. या गावात इतकी शांतता मी इतक्या वर्षांत ऐकलेली नाही.

संजना म्हणाली, “तारीख किशोरीतायच सांगतील. त्यांचाच हक हाय.”

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले. उत्तर तर दोन महिने तोंडपाठ होतं. आजपासून. वीस फेब्रुवारीला दहावीची परीक्षा सुरू होते, म्हणून आजपासून. मनस्वी खिडकीशी उभी होती. मी घसा साफ केला आणि म्हटलं, “बारा फेब्रुवारीपासून.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उलट सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात कान्हामामा उठले. “आनि आमची एप्रिलची?” मग मधली आळी उठली, तिथे मे महिन्यात दोन. कोणाची दिवाळीनंतर. कोणाचा मुलगा मर्चंट नेव्हीत, सुट्टी मिळेल तेव्हा. भाऊसाहेब लिहीत होते, पान संपलं, उलटून मागे लिहायला लागले. शेवटी दादूआजोबा उठले. त्यांची पणती दुसरीत आहे. म्हणाले, “तिची जाली का मंग काय करायचा ता करा. मी मधी बोलनार नाय.”

ठरावात शेवटी लिहिलं गेलं: सर्वानुमते मंजूर, अंमलबजावणी योग्य वेळी.

१५ फेब्रुवारी

लग्न पार पडलं. पूर्वी उरणला सासरी गेली. घर रिकामं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

हळदीबद्दल थोडक्यात. निकेशने स्पीकरच्या दोन भिंती रचल्या होत्या, जनरेटर दोन. बेचाळीस पिवळ्या साड्या, त्रेचाळिसावी माझी. सासूबाईंनी आधीच घेऊन लपवून ठेवली होती. मी फोन करून साळूला सांगितलं होतं, वाडी सगळी यायलाच हवी. सगळी आली. साळू पहिल्या रांगेत नाचली, काही न बोलता, हिशेबात पाय टाकत.

मी क्लासच्या गावातल्या मुलांसाठी त्या संध्याकाळी कामोठ्याची खोली उघडी ठेवली होती, जायला रिक्षा सांगितली होती. रिक्षा रिकामी गेली. मनस्वी माझ्या शेजारीच नाचत होती. मी तिला ओरडले, “परीक्षा आहे ना तुझी?” ती ओरडली, “तुमच्याकडचीच हळद आहे ना मॅडम!” पुढचं ऐकू आलं नाही.

हो, मी नाचले. संजनाने हात धरून ओढलं. पूर्वी पाटावरून बघत होती, अंगभर हळद, आणि रडत-हसत होती. ते बघून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. गाव तिच्यासाठी असं नाचलं की मला पाडल्याचं मी माफ केलं, तिथल्या तिथे, सातशे चारही जणांना.

बरोबर दहाला पोलीस पाटील सुदामभाऊ फाटकाशी आले. नियम आहे, दहाला आवाज बंद. मी धावत गेले. त्यांना वाटलं मी आभार मानायला आले. मी म्हटलं, “भाऊ, एकच गाणं राहिलंय.”

“मॅडम, तुमीच तर—”

“एकच मुलगी आहे हो मला.”

ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. चार गाणी झाली. चौथ्याला तेही आत आले.

१८ फेब्रुवारी

पेटी आवरताना कोरे फॉर्म हाती लागले. एक काढला. घर क्रमांक एकशे बारा, मतदार चार. या वेळी प्रत्येकाला वेगळं विचारायचं ठरवलं, दुसऱ्यांच्या देखत नाही. आणि खाली हाताने चौथा प्रश्न वाढवला, जो मी पहिल्यांदा विचारलाच नव्हता: कधीपासून?

परेश डंपरला पाणी मारत होता. डीजे बंद व्हावा का? “व्हावा. अजून माझे कानान शिटी वाजते.” कधीपासून? “आजपासना.”

सासूबाई उन्हात बसल्या होत्या. “बंदच कर गो. काय ती पद्धत.” कधीपासून? “आजच.”

पूर्वीला फोन लावला. तिकडून इतका गोंगाट की नाव दोनदा सांगावं लागलं. म्हणाली, “मम्मी, शेजारी हळद आहे, तीन वाजल्यापासून चालू आहे, डोकं फुटायची वेळ आली. हे लोक बंद का नाही करत गं?” कधीपासून, ते मी विचारलंच नाही. तिनेच सांगितलं, “आत्ताच्या आत्ता.”

मग माझं उत्तर लिहिलं. चारपैकी चार, शंभर टक्के, आणि एकही माणूस खोटं बोललेलं नाही.